परतणाऱ्यालाच जाब का?

नव्या शहरात बिऱ्हाड हलवून काही महिने झाले, पण जीव रमत नाही, जुनं शहर सोडून चूक केली असं वाटतं, असं कोणी बोलून दाखवलं की ऐकणाऱ्यांचे ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वेळ द्या, सुरुवातीला सगळेच कुढतात, रुळाल हळूहळू. दुसरा म्हणतो, मनःशांतीपेक्षा मोठं काही नाही, सामान बांधा आणि परत जा. मग वाद रंगतो तो धीर विरुद्ध पळपुटेपणा, महत्त्वाकांक्षा विरुद्ध समाधान यावर. ज्याने आपली व्यथा मांडली त्याचं नेमकं काय हरवलंय, हे कोणी विचारतच नाही. दोन्ही बाजू त्या माणसाच्या स्वभावाची परीक्षा घेत बसतात आणि त्याच्या प्रश्नाला हातही लागत नाही.

शहर बदलल्यानंतरचा पश्चात्ताप म्हणजे मनाचा कच्चेपणा, हे मला मान्य नाही. निर्णय घेताना जी माहिती हाताशी नव्हती, ती आता आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती माहिती नीट तपासावी, आणि तपासाअंती परत जावंसं वाटलं तर ते परतणं पहिल्या जाण्याइतकंच मानाचं असावं. आज तसं होत नाही. जाणाऱ्याला निरोप समारंभ आणि शुभेच्छा मिळतात, परतणाऱ्याला कारणं द्यावी लागतात. जुन्या शहरात ज्याचं मन उडालं होतं, त्याला कोणी म्हटलं होतं का, की अजून दोन वर्षं कळ काढ, मग जा? नाही. उलट ‘बरं केलंस’ म्हणून पाठ थोपटली. मग तोच माणूस तेवढ्याच विचाराने उलट्या दिशेला निघाला की त्याला माघार का म्हणायचं?

याचं उत्तर आपल्या डोक्यात बसलेल्या एका चित्रात आहे. स्थलांतर म्हणजे पुढे जाणं, आणि पुढे जाणारा मागे वळत नाही, असं ते चित्र. इतिहासाला ते मंजूर नाही. अर्न्स्ट रॅव्हनस्टाइन याने 1885 साली ब्रिटनच्या जनगणनेच्या आधारे स्थलांतराचे नियम मांडले, तेव्हाच त्याने नोंदवलं होतं की लोकांच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाह वाहतोच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लाखो लोकांची कहाणी आपण एकेरी प्रवासाची म्हणून ऐकतो. प्रत्यक्षात त्यांतले साधारण चौथा ते तिसरा हिस्सा लोक परतले, आणि इटालियन लोकांत तर परतणाऱ्यांचं प्रमाण याहून पुष्कळ जास्त होतं. ही सगळी माणसं हरलेली होती का? कित्येकजण ठरवून गेले होते, मिळवायचं ते मिळवून आले. कित्येकांना तिथलं जिणं पटलं नाही. पण राहिलेल्यांच्या नातवंडांनी इतिहास लिहिला आणि परतलेल्यांची गोष्ट त्यात तळटीप होऊन राहिली.

आता ‘वेळ द्या’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने जे काही बोलता येतं, ते पुरतं बोलून टाकतो, कारण त्यांचं म्हणणं पोकळ नाही. पहिली गोष्ट, ताज्या पश्चात्तापावर फार भरवसा ठेवता येत नाही. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात दाखवलं की थोड्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी बोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. शहर बदलणं ही केलेली गोष्ट. त्यामुळे तिची बोच आधी तीव्र असणार आणि पुढे बोथट होत जाणार, हे गृहीत धरायला हरकत नाही. दुसरी गोष्ट, शहराचं श्रेय आणि दोष आपण दोन्ही फुगवून मोजतो. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन यांनी 1998 मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा दोन्हीकडच्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातली माणसं अधिक सुखी असणार. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे सारखंच निघालं. ज्या गोष्टीवर नजर रोखावी ती मोठी दिसते. तिसरी गोष्ट सगळ्यांत साधी: मैत्रीला तास लागतात. जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासात ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे 50 तासांचा सहवास लागला आणि जिवलग म्हणण्याइतपत जवळीक यायला 200 तासांहून अधिक. नोकरी, प्रवास, घरकाम सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास हाती लागत असतील, तर 200 तास म्हणजे दीड-दोन वर्षं झाली. सहा महिन्यांत ‘इथे माझं कोणीच नाही’ असं म्हणणारा माणूस शहरावर थोडा अन्यायच करत असतो.

इतकं सगळं मान्य करूनही ‘वेळ द्या’ हा सल्ला मला अपुरा वाटतो, आणि कधी कधी निर्दयही. त्याला शेवट नसतो. किती वेळ? सहा महिने झाले तर वर्ष द्या, वर्ष झालं तर दोन द्या. जो सल्ला कधीच खोटा ठरू शकत नाही, त्याच्या जोरावर कोणाच्या आयुष्याची वर्षं खर्ची घालायची? या सल्ल्यामागे एक वक्ररेषाही उभी केली जाते: आधी नवलाई, मग खिन्नता, मग हळूहळू स्थिरावणं. तिचं मूळ स्वेरे लिसगार्ड यांच्या 1955 च्या अभ्यासात आहे. तो अभ्यास अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर गेलेल्या नॉर्वेच्या सुमारे 200 लोकांविषयी होता. दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक मधल्या काळातल्या लोकांपेक्षा अधिक स्थिरावलेले दिसले, हा त्यांचा निष्कर्ष. पण त्यात कमी आणि जास्त काळ राहिलेल्या वेगवेगळ्या माणसांची तुलना होती. एकाच माणसाचं मन महिन्यामागून महिने कसं बदलत गेलं, याचा तो माग नव्हता. शिवाय ते लोक शिष्यवृत्तीच्या मुदतीपुरते गेलेले होते, घरी परतायचंय हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांच्यावरून बेतलेली रेषा, जो कायमचा आला आहे त्याच्या माथी कशी मारायची? नंतरच्या संशोधकांनीही या रेषेला मिळणारा पुरावा कमजोर असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

आणि अनुभवाचे दाखले? ‘मीसुद्धा पहिलं वर्ष रडत काढलं, आता इथून हलवणार नाही’ असं सांगणारे नेहमी भेटतात. मी त्यांच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण ते कोण आहेत? राहिलेले. ज्यांनी दोन वर्षं वाट पाहिली, तरी मन लागलं नाही आणि जे गेले, ते त्या शहरात साक्ष द्यायला उरलेलेच नाहीत. नव्याने आलेल्याच्या कानावर एकाच बाजूचे साक्षीदार येतात आणि त्यालाच आपण सर्वांचा अनुभव म्हणतो.

मग करायचं काय? मला वाटतं, आधी हरवलेल्या गोष्टींची नावं घ्यायला हवीत. ‘जुनं शहर आठवतं’ या एका वाक्यात निदान चार वेगळी दुःखं दडलेली असतात आणि त्यांवर उपायही वेगळे असतात.

कोणत्याही अर्जावर एक रकाना असतो: तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं. नव्या शहरात तो रकाना भरताना हात थांबतो. जुन्या शहरातल्या कोणाचा नंबर टाकावा, तर ते माणूस रात्रीच्या रात्री पोचू शकत नाही. इथल्या कोणाचा टाकावा, तर इतका हक्क कोणावर नाही. हे पहिलं दुःख, हक्काच्या माणसांचं, आणि ते खरोखर मोठं आहे. मायकल यंग आणि पीटर विल्मट या समाजशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन या दाटीवाटीच्या वस्तीतून शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी घरं मोठी होती, अंगण होतं, हवा चांगली होती, मुलांसाठी म्हणून लोक आपखुशीने गेले होते. पण आई, मावशी, बहीण हाकेच्या अंतरावर असण्याची जी सवय होती ती तुटली, आणि विशेषतः बायका एकट्या पडल्या. त्यांतल्या कोणाला ‘घर तर छान आहे ना, मग रडायचं कशाला?’ असं विचारणं किती उथळ ठरलं असतं! हे दुःख केवळ वेळ देऊन हटत नाही. बहिणीची जागा शेजारीण 200 तासांत घेत नाही.

दुसरं दुःख ओळखीच्या चेहऱ्यांचं. ज्यांची नावंही नीट माहीत नसतात, पण रोज मान डोलावतात, ती माणसं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली अशा विरळ ओळखींचं बळ दाखवून दिलं ते नोकरी आणि माहितीच्या संदर्भात. 2014 मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना असं आढळलं की ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं होतं, त्या दिवशी लोकांना अधिक आनंदी आणि आपण कुठल्या तरी समूहाचे आहोत असं वाटतं. हे दुःख मात्र नव्या शहरात भरून निघू शकतं, आणि बऱ्यापैकी लवकर, जर माणूस त्याच वेळी त्याच वाटेने, त्याच ठिकाणी जात राहिला तर. इथे ‘वेळ द्या’ म्हणणारे बरोबर आहेत.

तिसरं दुःख वाकबगारीचं आहे आणि त्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. अंधारात हात भिंतीवर जातो आणि दिव्याचं बटण तिथे नसतं. कोणता रस्ता पावसात तुंबतो, कोणत्या कचेरीत कोणत्या खिडकीशी आधी जायचं, कोणत्या डॉक्टरकडे रात्री फोन उचलला जातो, हे जुन्या शहरात न शिकता आलेलं वाटत होतं, पण त्यामागे वर्षं होती. मोठ्या वयात, आपल्या कामात तरबेज असलेल्या माणसाला दिवसातून दहा वेळा नवशिक्या व्हावं लागतं, ही गोष्ट थकवणारी आहे. तो थकवा शहराबद्दलच्या नावडीसारखा भासतो. इथेही काळ मदत करतो.

चौथं दुःख सगळ्यांत फसवं. जुन्या शहरात आपण तरुण होतो, आईवडील हिंडते-फिरते होते, मित्रांची लग्नं व्हायची होती. आपण ज्याच्यासाठी झुरतो ते शहर त्या वर्षांचं असतं. ‘परत जा’ म्हणणाऱ्या पक्षाची मोठी चूक इथे आहे. गाडीचं तिकीट काढून ठिकाणी जाता येतं, त्या वर्षात जाता येत नाही. मित्रही दुसरीकडे गेलेले असतात, आपल्या जागी दुसरं कोणी रुळलेलं असतं. हे चौथं दुःख ज्याचं मुख्य आहे, त्याने परतून फार काही साधणार नाही, आणि हे त्याला सांगणं हेच मित्राचं काम आहे. पण ज्याचं मुख्य दुःख पहिलं आहे, ज्याचे आईवडील आज तिथे आहेत, भावंडं आज तिथे आहेत, त्याला ‘जुनं शहर आता उरलेलं नाही’ असं तत्त्वज्ञान ऐकवणं चुकीचं आहे. त्याचं शहर उरलेलं आहे. रोज संध्याकाळी फोनवर त्याच्याशी बोलतंय.

या ओढीला एके काळी वैद्यकात स्थान होतं. 1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात योहानेस होफर या तरुणाने आपल्या वैद्यकीय प्रबंधात घराची ओढ हा आजार म्हणून मांडला आणि इतर उपाय हरले तर रोग्याला घरी धाडावं असं सुचवलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी या आजाराची 5,000 हून अधिक प्रकरणं नोंदवली. याला आजार म्हणायला आज मी तयार नाही. तरी त्या वैद्यांनी एक गोष्ट केली, जी आपण सोडून दिली: त्या माणसाचं दुःख खरं धरलं आणि आपल्या वहीत त्याची नोंद केली.

विरोधी बाजूचा एक मुद्दा अजून बाकी आहे आणि मला तो सर्वांत बळकट वाटतो. परतीचं दार उघडं ठेवलं की माणूस नव्या जागी कधी मुळं धरतच नाही, असं अनेकजण म्हणतात. त्याला आधारही आहे. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या 2002 च्या प्रयोगात छायाचित्रणाच्या वर्गातल्या लोकांना स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवायला मिळालं. ज्यांना नंतर बदलून घेता येणार होतं, ते आपल्या निवडीवर कमी खूश राहिले. ज्यांची निवड अंतिम होती, त्यांना तेच चित्र जास्त आवडू लागलं. म्हणजे दार बंद करा, मन आपोआप समजूत काढेल.

पण मन समजूत काढतं हे गुणाचं लक्षण धरायचं का? माणूस वाईट नोकरीतही समजूत काढतो, वाईट संसारातही काढतो. भिंतीवरचं चित्र आणि रोजचं जगणं यांत फरक आहे: चित्र आपल्याला एकटं पाडत नाही. आणि दार बंद करण्याचा प्रयोग इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश कुटुंबांना प्रौढ माणसामागे फक्त 10 पौंड घेऊन बोटीने नेलं. अट अशी की किमान दोन वर्षं राहायचं, आधी परतायचं तर प्रवासाचा सरकारने सोसलेला खर्च फेडायचा. बहुतेकांना ते परवडणारं नव्हतं, म्हणजे दोन वर्षं दार बंदच होतं. तरीही काळाच्या ओघात त्यांतले साधारण चौथा हिस्सा लोक मायदेशी परतले. बंद दाराने त्यांना सुखी केलं नाही, फक्त थांबवून धरलं. आणि याहून बोलकी गोष्ट पुढची. परतलेल्यांपैकी पुष्कळजण ब्रिटनमध्ये काही काळ राहून, स्वतःचे पैसे घालून पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले. जुनं शहर डोळ्यांनी पाहिल्यावर, आता तिथलं काय आपलं आहे आणि काय नाही, हे त्यांना कळलं. ‘वेळ द्या’ म्हणून कानीकपाळी ओरडून जे साधलं नसतं, ते एका परतीने साधलं. म्हणून मला वाटतं, परतण्याची मोकळीक ही मुळं धरण्याच्या आड येत नाही. ज्याला परत जाता येतं, तोच मोकळ्या मनाने ठरवू शकतो की राहायचं.

पैशाचा मुद्दाही येतो: इतका खर्च केला, घर घेतलं, मुलांचे प्रवेश झाले, आता मागे कसं फिरायचं? पुढे होणारा खर्च जरूर मोजावा. झालेला खर्च राहूनही परत मिळत नाही, जाऊनही मिळत नाही. त्याला या हिशोबात जागा नाही.

आतापर्यंत मी ‘निर्णय घेणारा’ आणि ‘पश्चात्ताप करणारा’ हे एकच माणूस धरून बोललो, कारण सगळा वाद तसं धरूनच चालतो. तिथेच तो सर्वांत जास्त घसरतो. घर हलतं ते बहुधा एकाच्या नोकरीसाठी, एकाच्या बढतीसाठी. बाकीचे त्याच्यामागे येतात. जेकब मिन्सर या अर्थतज्ज्ञाने 1978 मध्येच हे मांडलं: कुटुंबाचा एकूण फायदा होतो म्हणून जी माणसं बरोबर निघतात, त्यांचा स्वतःचा त्यात तोटा असू शकतो, आणि तो तोटा बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतो. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीहून देवगिरीला राजधानी हलवली त्याची आपल्याकडे अजून चेष्टा होते. दिल्ली पूर्ण ओस पडली ही अतिशयोक्ती असावी, हलवले गेले ते मुख्यतः सरदार, उलेमा आणि वरच्या थरातले लोक. पण खरी चूक दख्खनला राजधानी नेण्यात होती की ज्यांना न्यायचं त्यांना न विचारण्यात? काही वर्षांनी परतीची मुभा मिळाली तेव्हा बरेच लोक दिल्लीला गेले. काहीजण इथेच राहिले. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यांतलेच, त्यांचा दर्गा खुलताबादला आहे. हुकूम एकच होता, पण मुभा मिळाल्यावर प्रत्येकाने आपापलं उत्तर दिलं. राहिलेल्यांना कोणी शूर म्हटलं नाही, गेलेल्यांना कोणी भेकड म्हटलं नाही.

आपल्या घरांत ही मुभा कोण देतं? जिला नोकरी, माहेर, मैत्रिणी सोडून यावं लागलं, तिला ‘वेळ दे’ असं सांगणारा बहुधा तोच असतो ज्याला नव्या शहराने नवं पद दिलं, नवे सहकारी दिले, सकाळी जायला एक जागा दिली. त्याचे तास भराभर भरतात, तिचे भरत नाहीत. बारा वर्षांचं मूल रुळत नसेल तर ‘मुलं काय, लगेच मिसळतात’ म्हणून तेही ऐकलं जात नाही. शहर बदलण्याआधी घर, शाळा, भाडं, सामानाची गाडी सगळं ठरतं. मग त्याच बैठकीत हेही ठरायला काय हरकत आहे की एक वर्षाने सगळ्यांनी पुन्हा बसायचं, आणि त्या दिवशी पहिलं बोलेल ते, जे दुसऱ्यासाठी आलं होतं? तिने ‘परत जाऊ’ म्हटलं तर लगेच गाडी बोलवायची असं नाही. मग तिचं पहिलं दुःख की तिसरं, आई की दिव्याचं बटण, हे बसून उलगडायचं आणि त्याप्रमाणे ठरवायचं. पण ते बोलण्याची तारीख आधी ठरलेली हवी, म्हणजे तिला तक्रारखोर ठरल्याशिवाय बोलता येईल.